वायुनौकेआधी आगोट

विजयदुर्गाच्या किल्ल्यात ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला साहेबाने या ओट्यांवर दुर्बीण लावली आणि हेलियमचा शोध लागला, असं आमच्याकडे सांगतात. दरवर्षी त्या तारखेला किल्ल्यावर हेलियम दिवसही साजरा होतो. कागदोपत्री हकिगत जरा निराळी आहे. त्या ग्रहणाला जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूरला होता. ज्या लॉकियर साहेबाचं नाव या ओट्यांशी जोडतात, त्याने सूर्याच्या वर्णपटातली ती प्रसिद्ध पिवळी रेषा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इंग्लंडमधून पाहिली. पण एवढ्यासाठी गावाशी भांडायला कोणी जाऊ नये. मुलं किल्ल्यावर जमतात, सूर्याबद्दल काही ऐकतात, हे वाईट नाही.

हेलियमशी अशी सोयरीक सांगणाऱ्या किनाऱ्यावर हेलियमने तरंगणाऱ्या वायुनौकेची कल्पना चटकन आवडते, यात नवल नाही. एअरशिप, झेपेलिन, वायुनौका, काहीही म्हणा. गेल्या काही वर्षांत हा जुना प्रकार जगात पुन्हा डोकं वर काढतो आहे, आणि त्याच्या समर्थनार्थ सांगितलं जाणारं पहिलं कारण नेहमी एकच असतं: जिथे रस्ता नाही, धावपट्टी नाही, धक्का नाही, अशा बेटांवर आणि दुर्गम वस्त्यांवर माल आणि मदत पोहोचवता येईल. कोकणाला हे वर्णन असं चपखल बसतं की इथे ही योजना कुणीतरी गळ्यात घालणारच. तेव्हा आधीच बोललेलं बरं. माझ्या मते कोकणपट्टीने या कल्पनेवर स्वतःचा एक रुपयाही घालू नये. मला विज्ञानाचं वावडं नाही. पण आपली अडचण काय आहे, हेच या कल्पनेने चुकीचं मांडलं आहे.

आधी कल्पनेला तिचा मान देऊ. एक घनमीटर हेलियम साधारण एक किलो वजन उचलतो. दहा टन माल उचलायचा तर दहा हजार घनमीटर हेलियम त्या मालासाठीच लागला. कवच, इंजिनं, इंधन, माणसं यांचं वजन धरलं की आकार तिप्पट-चौपट होतो. ब्रिटनमध्ये बनलेली एअरलँडर १० ही नौका सुमारे ३८ हजार घनमीटरची, नव्वद मीटरहून लांब, आणि दहा टन उचलण्यासाठी आखलेली. स्कॉटलंडच्या बेटांसाठी तिचा विचार झाला आहे. फ्रान्समधल्या फ्लाइंग व्हेल्स या कंपनीचा आराखडा साठ टनांचा आहे. जंगलातली लाकडं खाली न उतरताच उचलायची, इथून ती कल्पना निघाली. गूगलच्या संस्थापकांपैकी सर्गेई ब्रिन यांच्या पैशातून उभी राहिलेली १२४ मीटर लांबीची पाथफाइंडर १ कॅलिफोर्नियात प्रत्यक्ष उडते आहे. आपल्याकडे डीआरडीओने मे २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या श्योपूरहून एक वायुनौका १७ किलोमीटर उंचीपर्यंत नेऊन तासाभराचं उड्डाण करून दाखवलं. ती टेहळणीसाठी आहे, पोती वाहायला नाही, पण विषय हास्यास्पद नाही एवढं त्यातून कळतं. आयआयटी मुंबईतही हवेहून हलक्या वाहनांवर वर्षानुवर्षं काम चालू आहे.

इंधन कमी, आवाज कमी, हेलिकॉप्टरपेक्षा कितीतरी जास्त वेळ हवेत राहण्याची ताकद. हे सगळं खरं आहे. आणि जळून खाक झालेल्या हिंडेनबर्गचं चित्र दाखवून हा विषय उडवून लावणं मला पटत नाही. हिंडेनबर्ग हायड्रोजनवर उडत होती. आता हेलियम वापरतात, तो जळत नाही.

पण वायुनौकांचा इतिहास आगीपेक्षा वाऱ्याने जास्त लिहिला आहे. अमेरिकन नौदलाच्या तीन मोठ्या नौका, शेनान्डोआ, अ‍ॅक्रन आणि मेकन, तिन्ही हेलियमच्या होत्या. १९२५ मध्ये पहिली वादळात हवेतच मोडली, १९३३ मध्ये दुसरी वादळी समुद्रात कोसळून ७३ माणसं गेली, १९३५ मध्ये तिसरी खराब हवेत सापडून समुद्रात गेली. आणि ब्रिटिशांची आर १०१ तर आपल्याकडेच यायला निघाली होती. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. तिथे या नौकेसाठी अवाढव्य शेड बांधून तयार होती, वाटेत इजिप्तमध्ये इस्मायलियाला तिला बांधायचा खांबही उभा होता. ५ ऑक्टोबर १९३० च्या पहाटे फ्रान्समध्ये बोव्हेजवळ पावसावाऱ्यात ती टेकडीला टेकली आणि पेटली. ५४ पैकी ४८ जण मेले, त्यात ही योजना रेटणारे हवाई खात्याचे मंत्री लॉर्ड थॉमसनही होते. कराचीच्या त्या शेडमध्ये आर १०१ कधीच आली नाही. मंत्र्यांच्या तारखेसाठी अपुऱ्या चाचण्यांवर निघालेलं वाहन, हा प्रकार आपल्याला अगदीच अनोळखी नाही.

यावर उत्तर तयार असतं: आज उपग्रह आहेत, डॉप्लर रडार आहे, असल्या हवेत कोणी नौका बाहेर काढणारच नाही. अगदी बरोबर. काढणार नाही. आणि कोकणाला मदत लागते ती नेमकी असल्या हवेत.

जुलै महिना घ्या. वायुनौकेची परीक्षा मार्चमध्ये घ्यायची नसते, जुलैत घ्यायची असते. नैऋत्येचा वारा त्या दिवसांत किलोमीटर-दीड किलोमीटर उंचीवर ताशी पन्नास-साठ किलोमीटरने वाहत असतो. जमिनीलगत तो कमी असला तरी झोत मधूनच वाढतात, दिशा बदलतात. देवगडच्या सड्यावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. ताशी शंभर-सव्वाशेने जाणारी नौका या वाऱ्याविरुद्ध पुढे सरकेल, अर्ध्या वेगाने का होईना. पुढे सरकणं जमेलही. थांबणं अवघड आहे. मदत उतरवायची तर एका जागी स्थिर राहावं लागतं, आणि नव्वद मीटर लांब, पाच-सात मजली उंच फुगा म्हणजे कुणालाही गुंडाळता न येणारं शीड. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. एअरलँडरचंच बघा. ऑगस्ट २०१६ मध्ये दुसऱ्याच चाचणी उड्डाणात उतरताना तिचं नाक जमिनीवर आपटलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये ती बांधलेल्या खांबापासून सुटली आणि तिथल्या तिथे तिचा फुगा खाली बसला. हे इंग्लंडच्या तळावर, हाताशी सगळी यंत्रणा असताना.

मग पाऊस. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. नौकेच्या पाठीचा पृष्ठभाग चार हजार चौरस मीटर धरा आणि त्यावर पाव मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर धरा. झालं एक टन. दहा टनांतला एक टन माल असा नुसता भिजण्यात गेला. शिवाय माल उतरवला की नौका तेवढीच हलकी होऊन वर उसळायला बघते, म्हणून उतरवलेल्या वजनाइतकं पाणी किंवा दुसरं काही परत चढवावं लागतं. पुरात पाण्याला तोटा नाही, हे खरं. पण वस्तीवर धान्याची पोती उतरवत असतानाच पंप लावून त्याच वेळी दहा टन पाणी वर खेचायचं, तेही झोतात हेलकावणाऱ्या नौकेत, हा उद्योग कोण करणार? गावातली पोरं?

इथे कुणी म्हणेल, जुलै सोडा, बाकीचे आठ महिने तर आहेत. आहेत ना. पण त्या आठ महिन्यांत कोकणातल्या बेटांना वायुनौका लागतेच कशाला? मसुऱ्याजवळच्या खाडीतलं खोत जुवा, पाणखोल जुवा, राजापूरच्या खाडीतलं जुवे, मुंबईच्या पोटाशी असलेली घारापुरी, ही आपली बेटं. तिथे जायला लागते होडी, आणि होडी लागायला धड धक्का. दहा टन म्हणजे आपल्याकडच्या एका ट्रकचा माल. दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३ पासून भरलेले ट्रक खाडीपार करते आहे. आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, जयगड-तवसाळ इथेही तेच. तिकीट काढायचं, गाडी चढवायची, चहा संपेपर्यंत पलीकडे. त्यात हेलियम लागत नाही. हेलियम तर आपला देश जवळजवळ सगळाच बाहेरून आणतो, आणि त्यासाठी दवाखान्यातली एमआरआय यंत्रं आधीच रांगेत उभी आहेत.

घारापुरीचं उदाहरण मला नेहमी बोचतं. जगप्रसिद्ध लेणी, गेटवेवरून लाँचने तासाभराची वाट, आणि राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर या तिन्ही वाड्यांना कायमची वीज मिळाली फेब्रुवारी २०१८ मध्ये. समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकली तेव्हा. त्याआधी संध्याकाळी काही तास जनरेटर. म्हणजे स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं बेट दुर्गम राहिलं ते वाहन नव्हतं म्हणून नाही. केबल टाकायचं कुणी मनावर घेतलं नव्हतं म्हणून. त्या सत्तर वर्षांत घारापुरीला वायुनौका दिली असती तर बेटावर रोज डिझेलचे पिंप उतरले असते, एवढंच.

आता आपत्तीकडे वळू, कारण या कल्पनेचा खरा जीव तिथे आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी ११०-१२० किलोमीटर. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, पलीकडे मंडणगड, दापोली. पोफळी मधोमध मोडल्या, माडांची मुळं वर आली, घरांचे पत्रे आणि कौलं शेजारच्या वाडीत सापडली. पंचवीस-तीस वर्षं जपलेली सुपारी एका दुपारी गेली. त्या दिवशी आकाशात काहीच उडू शकत नव्हतं, हे सांगायला नको. मग हवा निवळली. मान्सून दक्षिण कोकणात पोहोचला ११ जूनला, मुंबईत १४ ला. म्हणजे मध्ये आठवड्याभराची मोकळी खिडकी होती, आणि वायुनौकेच्या समर्थकांना तेवढी पुरे वाटेल.

पण त्या आठवड्यात काय अडलं होतं ते आठवा. झाडं पडून बंद झालेले मुख्य रस्ते एनडीआरएफने आणि गावकऱ्यांनी कोयते-करवती घेऊन काही दिवसांत मोकळे केले. ट्रक जात होते. वीज मात्र कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे आली नाही. खांब नव्हते, तारा नव्हत्या, डीपी नव्हत्या आणि त्या चढवणारे वायरमन पुरे नव्हते. बाहेरच्या जिल्ह्यांतून माणसं आणावी लागली. सिमेंटचा खांब तीन-साडेतीनशे किलोचा असतो. दहा टनांची नौका एका खेपेत तीसेक खांब आणेल. आणि हजारो खांब पडले होते. ते गोदामात असते तर ट्रकनेच आले असते. नसलेले खांब वायुनौकेलाही आणता येत नाहीत.

पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. आपल्या किनाऱ्याला घासत ते गुजरातकडे गेलं आणि बॉम्बे हायजवळ पी ३०५ हा तराफा बुडाला. रात्रीच्या अंधारात, डोंगराएवढ्या लाटांत आयएनएस कोची आणि नौदलाची इतर जहाजं तिथे गेली आणि तराफ्यावरच्या १८६ जणांना जिवंत बाहेर काढलं. हवेतून मदत मिळाली ती वारा उतरल्यावर. त्याआधी वादळात घुसलं ते पाण्यावरचं जहाज.

२२ जुलै २०२१ चं चिपळूण. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत, परशुराम घाट बंद, लोक गच्च्यांवर. एनडीआरएफच्या तुकड्या पुण्याहून निघून पोहोचेपर्यंत जे काही तास गेले, त्या तासांत ज्यांच्याकडे होडी होती त्यांनीच माणसं काढली. त्याच दिवशी महाडजवळ तळिये गाव दरडीखाली गेलं, ऐंशीहून अधिक माणसं गेली, आणि वाट पुराने, चिखलाने अडलेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी. तिथे तर रस्ताच नव्हता. यंत्रं वर चढवता येत नव्हती म्हणून कुदळ-फावड्याने खणावं लागलं. वायुनौकेच्या बाजूने याहून मोठा पुरावा सापडणार नाही: जेसीबीचं वजन साडेसात टनांच्या आसपास, नौका तो अलगद वाडीत उतरवू शकली असती. मीही काही काळ या विचारापाशी थांबलो. पण त्या दिवशी हेलिकॉप्टरं मुंबईत तयार उभी होती आणि ढगांमुळे, पावसामुळे उडू शकली नाहीत. जिथे हेलिकॉप्टर जात नाही त्या हवेत, उभ्या डोंगराच्या कुशीत, त्याच्या चौपट-पाचपट लांबीचा फुगा कोण नेईल?

या सगळ्या घटना शेजारी ठेवल्या की एक गोष्ट दिसते. पहिले काही तास, फार तर पहिला दिवस, बाहेरून कोणीही येत नाही. येऊ शकत नाही. त्या तासांत उपयोगी पडतं ते आधीपासून तिथे असलेलं. आणि ही गोष्ट कोकणाला कुणी शिकवायला नको होती, कारण आपलं सगळं घरकाम या समजुतीवर चालत आलं आहे.

आगोट म्हणजे दुसरं काय? मे महिन्याच्या कडक उन्हात तांदूळ, कुळीथ भरून ठेवायचे, सुकी मासळी, मीठ, आमसुलं, पापड डब्यांत बंद करायचे, लाकूडफाटा पडवीत रचायचा, कौलं चाळायची, पडवीला झापं बांधायची, होड्या वर ओढून शाकारायच्या. जूनपासून नारळी पुनवेपर्यंत दर्या बंद, वाट बंद, हे गृहीत धरून घर उभं राहायचं. मुंबईची आगबोटही पावसाळ्यात बंद असायची. हर्णै, दाभोळ, जयगड, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, सगळी बंदरं चार महिने झोपायची. हा नियम मोडला की काय होतं तेही या किनाऱ्याने पाहिलं आहे: १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. ते दिवस गोड होते असं मला म्हणायचं नाही. त्या चार महिन्यांत बाळंतिणी दगावत, साप चावलेला माणूस होडीच्या वाटेतच जाई. आगोटीने पोट भरायचं, जीव वाचेलच असं नव्हे. म्हणून तर घरोघरच्या आगोटीला सरकारी आगोटीची जोड हवी होती.

ती मिळाली नाही. उलट रस्ते आले, रेल्वे आली, मोबाईल आले, आणि ‘लागलं तर येईलच’ अशी सवय आपल्याला आणि सरकारलाही लागली. घरातली चार महिन्यांची भरणी गेली, आठवड्याचा किराणा आला. जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात फोन नंबरांची लांबलचक यादी असते. गावात त्या क्षणी काय साठा आहे याची ओळ शोधावी लागते. वायुनौकेची कल्पना याच सवयीचं टोक आहे. जमिनीवरून येता येत नाही, तर आकाशातून येऊ. पण ‘येऊ’ सुटत नाही.

सरकारी आगोट म्हणजे काय, हे अगदी रोकडं सांगता येतं. ज्या बेटावर, ज्या वाडीत पावसाळ्यात वाट तुटते, तिथे ३१ मेच्या आत पंधरा दिवसांचं रेशन पोहोचलेलं असावं. पाचशे कुटुंबांना वीस किलो धान्य म्हणजे दहाच टन होतात. मे महिन्यात ते दोन मचव्यांत जातं. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या इमारतीत जनरेटर आणि त्याचं डिझेल असावं, आणि तो चालू करता येणारी दोन माणसं गावचीच असावीत. एक सॅटेलाइट फोन असावा. चारजिंगसाठी सौर पाटी असावी. सापाच्या विषावरची लस प्राथमिक आरोग्य केंद्रात असते, पण केंद्र खाडीपलीकडे असेल तर उधाणाच्या रात्री ती असून नसल्यासारखी. तेव्हा जुलै-ऑगस्टपुरती ती अलीकडे, शिकलेल्या नर्ससह. दिवस भरत आलेल्या बायका आणि डायलिसिसवाले रुग्ण कोण कोण आहेत, हे आशा सेविकेला तोंडपाठ असतं. त्यांना वादळाचा इशारा येताच हलवायचं ठरलेलं असावं. तालुक्याला खांब, तारा, डीपी यांचा राखीव साठा असावा. आणि जिथे जमेल तिथे तारा जमिनीखाली जाव्यात. अलिबागसारख्या ठिकाणी जागतिक बँकेच्या मदतीच्या चक्रीवादळ प्रकल्पातून हे काम झालंही आहे. ते किनाऱ्यावरच्या खेड्यांत कधी येणार, हा विचारायचा प्रश्न आहे.

होडीचंही तसंच. खाडीतल्या लोकांना होडी चालवायला शिकवायची गरज नाही. होडीला इंजिन, इंजिनाला इंधन, आणि बचावाच्या कामाचे पैसे वेळेवर, एवढं लागतं. आणि धक्के असे हवेत की ओहोटीलाही होडी लागेल. आज कित्येक जेट्यांवर भरतीची वेळ बघून आजाऱ्याला न्यावं लागतं, नाहीतर खुर्चीत बसवून चिखलातून. गाळ काढण्याचं काम दरवर्षी करावं लागतं, त्याला उद्घाटन नसतं, म्हणून ते होत नाही. मला वाटतं खरं दुखणं हेच आहे. पुढाऱ्यांना कोकणाचा कॅलिफोर्निया करायचा असतो. गाळ कोण काढणार?

भव्य योजनांचा हा किनारा साक्षीदार आहे. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचं स्वप्न बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळातलं, १९८० चं. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चालू आहे आणि ‘यंदाच्या गणपतीपर्यंत’ हा शब्दप्रयोग आता विनोदात गेला आहे. शेजारच्या गुजरातेत साबरमती ते केवडिया सी-प्लेन ऑक्टोबर २०२० मध्ये वाजतगाजत उडालं आणि काही महिन्यांत बंद पडलं. वायुनौकांच्या धंद्यातलं उदाहरण आणखी मजेदार आहे. जर्मनीत कार्गोलिफ्टर नावाच्या कंपनीने १६० टन उचलणारी नौका बांधायला बर्लिनजवळ ३६० मीटर लांब, १०७ मीटर उंच शेड उभारली. नौका बांधण्याआधीच २००२ मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं. आता त्या शेडमध्ये कृत्रिम समुद्रकिनारा आहे, आणून टाकलेली वाळू, खरे माड, आत तिकीट काढून जर्मन लोक पोहतात. आपल्याकडे तेवढी सोय आधीपासून आहे.

एक गोष्ट मात्र मी या घराण्यातून उचलेन, आणि ती वाहतुकीची नाही. दोरीने जमिनीला बांधलेला, मोबाईलचं यंत्र वर नेणारा छोटा फुगा. वादळानंतर टॉवर पडलेले असतात, पडले नसले तर त्यांच्या बॅटऱ्या संपलेल्या असतात, आणि मुंबईत बसलेल्या मुलाला श्रीवर्धनमधली आई जिवंत आहे की नाही हे चार दिवस कळत नाही. निसर्ग वादळात हे घराघरात झालं. २०१७ मध्ये पोर्तो रिकोत मारिया वादळानंतर गूगलच्या कंपनीने मोकळे सोडलेले फुगे वापरून काही भागांत फोन चालू केले होते. ती कंपनी पुढे २०२१ मध्ये गुंडाळली गेली, पण फुग्यांनी काम केलं होतं. आपल्याकडे २०१८ मध्ये डेहराडूनला आयआयटी मुंबईच्या तंत्रावर बांधलेल्या फुग्यातून इंटरनेट देण्याचा प्रयोग झाला आहे. हा फुगा वादळात वर ठेवायचा नसतो. दुसऱ्या दिवशी वारा पडला की एका टेम्पोतून आणून सोडता येतो. तो कोकणात, एखाद्या तालुक्याच्या गोदामात, आधीपासून ठेवलेला असावा, म्हणजे तोही आगोटीतच आला. त्यावर जिल्हा नियोजनाचा पैसा खर्च झाला तर मी तक्रार करणार नाही.

लक्षद्वीपचं गणित वेगळं असू शकेल. कोचीपासून दोनशे ते चारशे किलोमीटर, विमानतळ एकट्या अगत्तीला, बाकी सगळं जहाजावर. तिथे ताशी शंभरने जाणारी, धावपट्टी न मागणारी नौका कोरड्या महिन्यांत कामाची ठरेल. देशाने एक नौका घेऊन तिथे, अंदमानात, हिमालयाच्या पायथ्याशी चाचणी करावी. ते दिल्लीचं काम आहे, संशोधनाच्या पैशातून व्हावं. पण लक्षद्वीपलाही मान्सून आपलाच आहे, तेव्हा चाचणी करणाऱ्यांनी पर्यटनाच्या हंगामातले फोटो दाखवू नयेत.

आणि कोकणात ही योजना घेऊन कुणी आलंच, तर त्याला अट एकच घालावी. नौका जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बाणकोटच्या खाडीवर आणा, वेसवीच्या बाजूला दहा टन तांदूळ उतरवा, दहा टन पाणी चढवा, आणि रात्रभर तिथेच बांधून ठेवून सकाळी परत जा. खर्च तुमचा. तोपर्यंत जिल्हाधिकाऱ्यांच्या मान्सूनपूर्व बैठकीत विचारायचे प्रश्न निराळे आहेत: २०२१ नंतर पावसाळ्यात एनडीआरएफची तुकडी चिपळूण-महाडला आधीच येऊन राहते, मग सिंधुदुर्गच्या खाड्यांसाठी काय ठरलं आहे; कुठल्या जुव्यावर किती दिवसांचं धान्य पोहोचलं; आणि जनरेटरचं डिझेल भरलं की नुसतं मंजूर झालं.